खिडकीतली सावली: एका ब्लू-रे कव्हरवरून उठलेल्या वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या होम व्हिडिओ लेबलचं आहे. हक्कदारांकडून जुने चित्रपट परवान्यावर घ्यायचे, निगेटिव्ह नव्यानं स्कॅन करून घ्यायची, रंग-आवाज दुरुस्त करायचे आणि ब्लू-रेवर मर्यादित आवृत्ती काढायची, हे त्यांचं काम. माणसं मोजकीच. लेबलचं, चित्रपटाचं किंवा कोणाचंही नाव इथे दिलेलं नाही आणि कथेचा तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलला आहे. या आवृत्तीच्या कव्हरची मांडणी माझ्याकडे होती. चित्र दुसऱ्याचं, ते छापखान्याच्या टेम्प्लेटमध्ये बसवणं, चित्रपटाचं नाव, श्रेयनामावली, मागचा मजकूर, स्पाइन (म्हणजे शेल्फावर दिसणारी केसची अरुंद कड), प्रमाणपत्राचं चिन्ह हे सगळं जुळवणं माझं.

चित्रपट १९७०च्या दशकातला, रहस्यपट. बेपत्ता भावाच्या शोधात निघालेली एक बाई उतारावरच्या बंद घरापाशी येऊन पोचते. घर रिकामं आहे असं तिला वाटतं, आपल्यालाही वाटतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत चित्रपट हा समज मोडू देत नाही. थिएटरात तो चालला नाही. लोकांनी तो पाहिला व्हीएचएसवर, पुढे एका सुमार डीव्हीडीवर, आणि त्या दोन्हींवर चित्र एकच होतं, मूळ पोस्टरचं. पिवळी पार्श्वभूमी, मधोमध अर्धवट उघडी बॅग, वर हातानं काढलेली नावाची अक्षरं.

कव्हरला एवढं महत्त्व का, हे ज्यांनी कॅसेट भाड्यानं आणल्या त्यांना सांगावं लागत नाही. तेव्हा ट्रेलर हाताशी नसायचा, परीक्षण वाचायला मिळेलच असं नव्हतं. फळीवरचं चित्र बघून कॅसेट उचलायची. ब्रिटनमध्ये हिंसक व्हिडिओंविरुद्ध जो गदारोळ उठला आणि ज्यातून १९८४चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट आला, त्याची ठिणगीही बऱ्याच अंशी कॅसेटींच्या कव्हरांवरून आणि त्यांच्या जाहिरातींवरून पडली होती. कव्हर पाहायला चित्रपट पाहावा लागत नाही. ज्यांनी या चित्रपटाची कॅसेट लहानपणी फळीवर पाहिली होती, त्यांच्या लेखी ती पिवळी बॅग म्हणजेच हा चित्रपट होता.

हक्कदार कंपनीनं परवान्यासोबत एक तयार चित्र पाठवलं होतं. डीव्हीडीच्या काळात अशी कव्हरं ढिगानं निघाली: काळ्या-निळ्या पार्श्वभूमीवर कलाकारांची तरंगती डोकी. त्यातला सगळ्यात मोठा चेहरा पुढे फार नाव कमावलेल्या एका नटाचा होता आणि या चित्रपटात त्याचं काम जेमतेम चार प्रसंगांचं आहे. ते चित्र घ्यायचं नाही याबद्दल लेबलमध्ये दुमत नव्हतं. एका चित्रकाराकडून नवं चित्र काढून घ्यायचं ठरलं.

या क्षेत्रात ती रीत आता चांगली रुळली आहे. क्रायटेरियन, ॲरो, स्क्रीम फॅक्टरी या लेबलांनी चित्रकारांकडून खास कव्हरं काढून घेतली. ॲरो आणि स्क्रीम फॅक्टरीच्या कितीतरी आवृत्त्यांमध्ये दर्शनी बाजूला नवं चित्र असतं आणि डिस्कच्या केसमधला कव्हरचा कागद काढून उलटा घातला की मूळ पोस्टर समोर येतं. जर्मनीत तर उलट्या बाजूला कायद्यामुळेच महत्त्व आलं. तिथे २००८पासून एफएसकेचं, म्हणजे चित्रपटांचा वयोगट ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेचं, वयोगटाचं चिन्ह दर्शनी बाजूवर किमान १२०० चौरस मिलिमीटर छापावं लागतं. चाहत्यांना ते खुपायला लागलं आणि चिन्हाशिवायची उलटी बाजू देणं सर्रास झालं.

आमच्या आवृत्तीत उलटी बाजू नव्हती. मूळ पोस्टरची छापण्याजोगी प्रत हक्कदाराकडे उरलेली नव्हती, आणि छपाईचे जे काही पैसे होते ते स्लिपकव्हरवर, म्हणजे केसवर सरकवायच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनावर, घालायचे असं ठरलं होतं.

चित्रकारानं जे चित्र दिलं ते मला पाहताक्षणी आवडलं आणि अजूनही आवडतं. तिन्हीसांजेचा उतार, वर घर, खाली पाठमोरी बाई, आणि घराच्या वरच्या मजल्यावर एका उजळ खिडकीत माणसाची सावली. सगळं हातानं, गवाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, रंगवलेलं.

अडचण

प्रकाशनाच्या सुमारे तीन महिने आधी घोषणा झाली. सोबत कव्हरचं चित्र होतं. त्याच संध्याकाळपासून प्रतिक्रिया यायला लागल्या आणि त्यातल्या बहुतेक नाराजीच्या होत्या.

सगळ्यात मोठा आवाज मूळ पोस्टरचा होता. पिवळी बॅग कुठे गेली, इतक्या वर्षांनी चित्रपट नीट निघतोय तर त्याचं तोंड का बदललं, असा सूर. दुसरा गट म्हणत होता की चित्र गढूळ आहे, काही कळत नाही. यातला निम्मा दोष घोषणेसोबतच्या चित्राच्या आकाराचा होता: फोनच्या पडद्यावर ते दोन बोटांइतकं दिसत होतं, आणि संध्याकाळचे जांभळे-करडे थर त्या आकारात एकमेकांत मिसळून जात होते. काही जुन्या संग्राहकांनी स्पाइनकडे बोट दाखवलं. लेबलच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्यांच्या स्पाइनवर खूणचिन्ह खाली होतं, या वेळी ते वर गेलं होतं. शेल्फावर रांग मोडणार. बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटेल. पण जो माणूस एका लेबलच्या आवृत्त्या ओळीनं लावतो, त्याला रोज दिसते ती स्पाइनच. दर्शनी चित्र तो डिस्क काढताना बघतो.

मग कोणीतरी म्हटलं की हे चित्र एआयनं काढलेलं दिसतंय. बाईच्या हाताची बोटं नीट नाहीत, कौलांच्या ओळी एका जागी तुटल्यात. एकदा हे वाक्य पडल्यावर लोक भिंग लावून चित्र तपासायला लागले आणि दर तासाला नवा पुरावा सापडायला लागला. चित्रकाराच्या नावानं थेट शिवीगाळ सुरू झाली.

या सगळ्या धबडग्यात लेबलच्या पत्त्यावर एक छोटं पत्र आलं होतं. त्यात राग नव्हता. लिहिणाऱ्याचा मुद्दा एवढाच होता, की हा चित्रपट मला माझ्या मुलाला पहिल्यांदा दाखवायचा आहे, आणि तो पाहून होईपर्यंत हे कव्हर मला त्याच्यापासून लपवून ठेवावं लागेल.

छाननी

लेबलच्या प्रमुख बाई त्या रात्री उत्तर लिहायला बसल्या होत्या. निम्मं लिहून झालं होतं. त्यात चित्राची बाजू मांडलेली होती, चित्रकाराचा आधीचा अनुभव दिला होता, आणि एक वाक्य असंही होतं की वस्तू हातात आल्यावर मत बदलेल. त्यांनी ते मला वाचायला पाठवलं, आणि मी उत्तर देण्याआधीच दुसरा निरोप आला: "आत्ता नको. आधी लोक काय म्हणतायत ते सगळं वाचून काढू."

या प्रकरणातला हा पहिला निर्णय आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. त्या रात्रीचं उत्तर सगळ्यांना मिळून एकच उत्तर झालं असतं, आणि तक्रारी तर एका जातीच्या नव्हत्याच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येक प्रतिक्रिया तीन रकान्यांत टाकायला घेतली. एक रकाना चुकांचा: जे तपासून खरं-खोटं ठरवता येतं ते. दुसरा आवडीचा: रंग, शैली, अक्षरांचं वळण. तिसरा आठवणीचा: पूर्वी जसं होतं तसं हवं. किती जणांनी म्हटलं हे त्यांनी मुद्दाम मोजलं नाही, कारण एकच माणूस पाच ठिकाणी तेच लिहीत होता. आठवणीचा रकाना भरून वाहत होता. आवडीच्या रकान्यात परस्परविरोधी गोष्टी होत्या. कोणाला चित्र फार काळोखं वाटत होतं, कोणाला फार गोड. चुकांच्या रकान्यात दोनच नोंदी आल्या. एक स्पाइन. दुसरी, खिडकीतली सावली.

एआयच्या आरोपाला त्यांनी रकाना दिला नाही. ती कव्हरबद्दलची तक्रार नव्हती, एका माणसावरचा आळ होता, आणि त्याचा विचार वेगळा करायचा असं त्या म्हणाल्या.

सावलीबद्दल आमच्यात बरीच वादावादी झाली. एक मत असं, की खिडकीत सावली आहे एवढ्यानं काय बिघडतं, ती कोणाचीही असू शकते, ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही त्याला त्यातून काहीच कळणार नाही. वरवर हे पटण्यासारखं आहे. मग आम्ही कव्हरचा नमुना टेबलावर ठेवला आणि चित्रपटातला एक प्रसंग लावला. साधारण मध्यावर ती बाई घराला फेरी मारते. ती भिंतीआड जाते, पण कॅमेरा तिच्यामागे जात नाही. तो घराच्या दर्शनी भागावर थांबून राहतो. काहीच घडत नाही. खिडक्या काळ्या. वारा. ती दुसऱ्या बाजूनं परत येईपर्यंत तो एकच शॉट चालतो, आणि इथे काही नाहीये ही खात्री तो आपल्या मनात हळूहळू बसवत जातो. कव्हर समोर असताना आम्ही चौघंही त्या पूर्ण वेळात वरच्या मजल्यावरच्या डावीकडून दुसऱ्या खिडकीकडे बघत होतो. दिग्दर्शकानं जी जागा रिकामी ठेवली होती ती आमच्या कव्हरनं आधीच भरून टाकली होती.

त्यानंतर वाद राहिला नाही.

ही सावली आली कुठून, तेही शोधलं. चित्रकाराला दिलेल्या टिपणात लेबलकडूनच एक ओळ गेली होती: घरात कोणीतरी आहे याची चाहूल दिसावी. म्हणजे चित्रकारानं सांगितलं तेच केलं होतं.

पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. असे वाद दोन आठवड्यांत विरतात, हा अनुभव खोटा नाही. चित्रपटासाठी घेणारा माणूस कव्हरसाठी थांबत नाही. पण सावलीची चूक कळल्यावर ती तशीच छापायची हे कोणाच्याच मनाला येईना.

दुसरा, नवं चित्र पूर्ण मागे घेऊन फक्त मूळ पोस्टर लावण्याचा. मागणी सगळ्यात जास्त याचीच होती. मात्र त्यानं एआयच्या आळावर शिक्कामोर्तब झालं असतं, आणि पुढच्या वेळी कुठलाही चित्रकार या लेबलचं काम घेताना दहा वेळा विचार करता झाला असता.

तिसरा, चाहत्यांचं मत घेण्याचा. तीन कव्हरं समोर ठेवायची, जे जिंकेल ते छापायचं. लेबलमधल्या एकाला हा फार आवडला होता. मला तो साफ नामंजूर होता. मत देणारे सगळे घेणारे नसतात, हरलेला गट आणखी चिडतो, आणि चित्रकाराचं काम चव्हाट्यावर कौलाला लावायचं ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. शिवाय मतदानातून सावलीचा प्रश्न सुटतच नाही. तीनपैकी तेच चित्र जिंकलं असतं तर?

चौथा, दोन वेगवेगळ्या कव्हरांच्या दोन आवृत्त्या काढण्याचा. विक्रीच्या दृष्टीनं तो मोहात पाडणारा होता, कारण काही संग्राहक दोन्ही घेतात. बाईंनी तो एका वाक्यात बाजूला सारला: लोकांनी तक्रार केली म्हणून त्यांच्याकडून दोनदा पैसे घ्यायचे नाहीत.

उरला तो पाचवा. चित्रात दुरुस्ती करायची, ते स्लिपकव्हरवर ठेवायचं, आणि आतल्या कागदाच्या दोन बाजूंना पोस्टर आणि चित्र दोन्ही छापायचं. यात खर्च वाढत होता, हक्कदाराकडून सगळ्याला नव्यानं मंजुरी घ्यावी लागणार होती आणि छपाई पुढे जाणार होती. तरीही हाच घेतला.

काय केलं

आधी चित्रकाराशी बोलणं झालं. बाईंनी स्वतः फोन केला, टिपणातली ती ओळ वाचून दाखवली आणि बदलाचे वेगळे पैसे देऊ असं आधीच सांगितलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण या धंद्यात एवढीशी दुरुस्ती फुकटात करून घेण्याची सवय फार आहे. त्यांनी हेही विचारलं, की शिवीगाळ थांबेपर्यंत घोषणेतून नाव काढून टाकू का. चित्रकार नको म्हणाला. नाव काढलं तर लोक म्हणतील तेच खरं ठरेल, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पेन्सिलची कच्ची रेखाटनं आणि अर्ध्या रंगवलेल्या कागदाचे फोटो त्यानं आपणहून पाठवले. सावली नुसती पुसली तर ती उजळ खिडकी पोकळ दिसेल, म्हणून त्यानं सगळ्या खिडक्या काळ्या केल्या आणि उजेडाचा एकच ठिपका ठेवला, बाईच्या हातातल्या कंदिलाचा. माझ्या मते चित्र आधीपेक्षा चांगलं झालं. दोन बोटांच्या आकारातही ते आता वाचता येत होतं, कारण नजर जायला एकच जागा उरली होती.

मग मूळ पोस्टर. "पोस्टर लावा" म्हणणं सोपं आहे, बसवायला घेतलं की कळतं. जुन्या अमेरिकी पोस्टराचा रूढ आकार २७ बाय ४१ इंच. ब्लू-रेच्या कागदाची दर्शनी बाजू साधारण १२९ बाय १४९ मिलिमीटर. म्हणजे पोस्टर उंच आणि अरुंद, तर ब्लू-रेची बाजू जवळजवळ चौरसाकडे झुकणारी. डीव्हीडीची केस उंच असल्यामुळे तिथे पोस्टर थोडंच कापून बसून गेलं होतं. ब्लू-रेवर रुंदी पूर्ण भरायची तर पोस्टरचा जवळपास चौथा भाग कापावा लागतो. आमच्या बाबतीत एकतर नावाची अक्षरं नाहीतर बॅगेखालची मोकळी जागा. आणि अख्खं पोस्टर ठेवायचं तर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ३१ मिलिमीटर जागा रिकामी राहते.

मी दोन्ही करून पाहिलं. कापलेलं कव्हर पहिल्या नजरेला जास्त भरीव दिसत होतं. पण त्या पोस्टरची सगळी मजा बॅगेभोवतीच्या रिकाम्या पिवळ्यात आहे. ती जागा गेली की नुसतं सामानाचं चित्र उरतं. म्हणून पोस्टर पूर्ण ठेवलं आणि कडेच्या पट्ट्या त्याच पिवळ्यात भरल्या.

तो पिवळा ठरवण्यातच बराच वेळ गेला. छापण्याजोगी प्रत नसल्यानं एका संग्राहकाकडून मूळ पोस्टर स्कॅनसाठी आणलं. त्या काळची पोस्टरं घडी घालून पाठवत, त्यामुळे त्यावर आठ चौकोन उमटलेले होते आणि जिथे घड्या एकमेकींना छेदतात तिथली शाई उडाली होती. मधली फुली नेमकी बॅगेच्या कडीवर आली होती. ती कडी शेजारच्या शाबूत कडीवरून पुन्हा काढावी लागली. घड्यांच्या रेषा काढल्या, पण अक्षरांच्या कडा जिथे मुळात थरथरल्या होत्या तिथे हात लावला नाही. त्या सरळ केल्या असत्या तर अक्षरं संगणकाची दिसली असती. रंगासाठी समोर दोन साक्षीदार होते. पोस्टरचा पिवळा लिंबाकडे झुकणारा, आणि जुन्या कॅसेटच्या कागदाचा पिवळा नारिंगीकडे झुकणारा. चाहत्यांच्या डोळ्यात बसलेला होता तो दुसरा. आम्ही पोस्टरचा घेतला, कारण कॅसेटचा कागद ही त्याचीच उतरलेली नक्कल होती.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. नेहमीची निळसर केस बदलून पारदर्शक घेतली, नाहीतर आतली बाजू निळी दिसते. कागद जाड घेतला, म्हणजे गडद चित्र पिवळ्यातून डोकावणार नाही. खूणचिन्ह स्पाइनवर पुन्हा खाली आलं, दोन्ही बाजूंना. डिस्कच्या तोंडावर घराचं चित्र जाणार होतं ते काढून फक्त नावाची अक्षरं ठेवली. मागच्या बाजूच्या फोटोंतही शेवटच्या भागातला एक निघाला, तोही बदलला.

हे सगळं मार्गी लागल्यावर बाईंनी निवेदन दिलं, आणि ते अगदी छोटं होतं. कव्हरमधली एक गोष्ट कथेला बाधा आणत होती, ती बदलली आहे. स्पाइन दुरुस्त केली आहे. मूळ पोस्टर केसवर असेल, नवं चित्र स्लिपकव्हरवर आणि उलट्या बाजूला. चित्र हातानं काढलेलं आहे, ही त्याची रेखाटनं. प्रकाशन काही आठवडे पुढे जाईल. ज्यांना आगाऊ मागणी रद्द करायची असेल त्यांना पूर्ण पैसे परत. नव्या चित्राबद्दल माफी त्यात नव्हती आणि नसावी असाच सगळ्यांचा आग्रह होता. नेमकी कोणती गोष्ट बाधा आणत होती हेही लिहिलं नाही, नाहीतर निवेदनानंच गुपित फोडलं असतं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. कव्हर, डिस्क, मागचे फोटो तपासता तपासता लक्षात आलं की डिस्कच्या मेनूमागे जी दृश्यं फिरतात त्यात शेवटच्या रिळातला जिना आहे, आणि जिन्यावर कोणीतरी उभं आहे. डिस्कचं ऑथरिंग, म्हणजे चित्रपट आणि मेनू डिस्कसाठी एकत्र बांधण्याचं काम, पूर्ण झालं होतं, तपासणीही. मेनू बदलायचा तर ते सगळं पुन्हा करायचं आणि नवी तपासणी-प्रत मागवायची. मी बदलावा या मताचा होतो. हक्कदाराशी झालेल्या करारात प्रकाशनाची शेवटची तारीख होती आणि कव्हरच्या मंजुऱ्यांमध्ये तिच्यापर्यंतचं अंतर जवळजवळ संपलं होतं. मेनू तसाच गेला.

परिणाम

एआयचा आळ रेखाटनं दिसल्यावर बराचसा निवळला. ज्यांनी सुरुवात केली होती त्यांच्यापैकी दोघातिघांनी चित्रकाराला सरळ लिहून दिलगिरी व्यक्त केली. काही जण तरीही म्हणत राहिले. त्यांना उत्तर दिलं नाही.

पोस्टर आल्याचं स्वागत झालं, आणि त्याच दिवशी नव्या तक्रारीही आल्या. कडेच्या पट्ट्या कशाला. पिवळा चुकलाय, आमच्या कॅसेटवर असा नव्हता. पिवळ्याबद्दल बाईंनी मूळ पोस्टरच्या रंग न उडालेल्या कोपऱ्याचा फोटो दिला. काहींना पटलं, काहींनी आपली कॅसेट समोर ठेवली. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या.

पहिली आवृत्ती संपली. त्याचं श्रेय कव्हरला द्यायला मी धजावत नाही. हा चित्रपट चांगल्या प्रतीत मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबले होते, त्यांनी तो कोऱ्या पाकिटातही घेतला असता. नंतर संग्राहकांनी आपापल्या शेल्फांचे जे फोटो पाठवले त्यांत मात्र एक गोष्ट ठळक दिसली. ज्यांनी पोस्टरसाठी आकाशपाताळ एक केलं होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी केसवर स्लिपकव्हर तसंच ठेवलं होतं. म्हणजे बाहेर नवं चित्र आणि आत पोस्टर. पोस्टर रोज दिसावं एवढीच त्यांची मागणी नव्हती. ते या आवृत्तीत असावं, गाळलं जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना बाईंनी स्वतः उत्तर लिहिलं आणि पहिल्या छपाईतली प्रत पाठवली. सोबत एक सूचनाही: डिस्क आधी तुम्ही एकट्यानं लावा, मेनू निघून गेल्यावर मुलाला बोलवा.

काय वेगळं करता आलं असतं

टिपण. चित्रकाराला काय दाखवायचं हे सविस्तर सांगितलं होतं. काय दाखवायचं नाही याची एकही ओळ नव्हती. रहस्यपटात ती दुसरी यादी आधी लिहायला हवी. आता या लेबलमध्ये ती लिहिली जाते, आणि ती कव्हर, डिस्क, मागचे फोटो, पुस्तिका, ट्रेलर आणि मेनू या सगळ्यांना एकदमच लागू असते. या खेपेला कव्हर एकाकडे, मेनू दुसऱ्याकडे आणि फोटो तिसऱ्याकडे होते, आणि तिघांनाही एकमेकांचं काम शेवटी दिसलं.

तपासणी कोणी करायची, यावरही विचार झाला. ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही त्याला कव्हर दाखवून उपयोग नाही, त्याला गुपित कोणतं हेच माहीत नसतं. ज्यानं तो पंचवीस वेळा पाहिलाय त्यालाही ते खुपत नाही, कारण त्याच्यासाठी ते गुपित उरलेलंच नसतं. चित्रकार, बाई आणि मी, तिघंही या दुसऱ्या गटात होतो. उपयोगी पडतो तो नवखा माणूस, आणि तोही असा: आधी कव्हर दाखवायचं, मग लगेच चित्रपट, आणि संपल्यावर विचारायचं की कुठल्या क्षणी कव्हर आठवलं. उत्तर जर चुकीच्या क्षणी आलं तर चित्र बदलायचं.

उलटी बाजू पहिल्यापासून ठेवायला हवी होती का? माझं उत्तर हो असं आहे, आणि स्लिपकव्हरच्या खर्चातून ती काढावी लागली असती तरी हो. मात्र सगळं काम उलट्या बाजूवर सोपवण्याच्या मी विरुद्ध आहे. उलटी बाजू आठवणीच्या रकान्यातल्या माणसांसाठी असते. दर्शनी चित्र चुकीचं असेल तर ते दुकानात, जाहिरातीत, फोनवर सगळीकडे चुकीचंच दिसतं. आत पोस्टर आहे हे ते पाहणाऱ्याला कळतही नाही.

घोषणेच्या चित्राचा आकार हा मुद्दा लहान, पण दुरुस्त करायला सगळ्यात सोपा. अंतिम मंजुरीआधी कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघायचं. गढूळपणाच्या निम्म्या तक्रारी तिथेच टळल्या असत्या.

दुसऱ्या छपाईच्या वेळी स्लिपकव्हर नव्हतं, तेव्हा दर्शनी बाजूला काय ठेवायचं हा प्रश्न पुन्हा आला. लेबलमधल्या बहुतेकांना पोस्टर हवं होतं. त्यावर वाद होणार नाही म्हणून. बाईंनी नवं चित्र पुढे ठेवलं आणि पोस्टर आत. त्यांचं म्हणणं असं, की पोस्टर ज्यांना ओळखीचं आहे त्यांच्याकडे पहिली आवृत्ती पोचली आहे. आता जो घेणार तो या चित्रपटाला पहिल्यांदाच भेटणार आहे. मेनूही याच छपाईत बदलला. जिना गेला, त्या जागी घराचा दर्शनी भाग आला, खिडक्या काळ्या.